ड्रमंड हिल: लॉख टे वरचं लावलेलं जंगल

स्कॉटलंडमधल्या केनमोर गावातून निघालं की टे नदीवरचा दगडी पूल लागतो, 1774 चा, नदी इथेच लॉखमधून (लॉख म्हणजे तलाव) बाहेर पडते. पूल ओलांडून थोडं पुढे गेलं की ड्रमंड हिलचा कच्चा रस्ता सुरू. चढ तसा सोपाय, कारण हा लाकडाच्या ट्रकसाठी केलेला रस्ता. ऑक्टोबर संपत आला की पायाखाली लार्चच्या पिवळ्या सुयांचा थर असतो, सूचिपर्णी असून पानगळ होणारं झाड हे, बुटात मोज्यात सगळीकडे सुया. माणूस क्वचितच भेटतं.

बघणाऱ्याला वाटतं काय आदिम जंगल आहे! छे. लावलेलंय सगळं. सतराव्या शतकात ग्लेनॉर्कीच्या सर डंकन कॅम्पबेलने, ज्याला लोक ब्लॅक डंकन म्हणायचे, त्याने या उतारावर झाडं लावायला घेतली आणि तेव्हापासून तोडायचं, परत लावायचं हे चालूच आहे. मधेच एखाद्या वळणावर अख्खा उतार बोडका दिसतो, नुसते बुंधे.

बरं, पक्षीपण आणलेला. कॅपरकेली, टर्कीएवढा काळा नर, वजन चार किलोच्या आसपास आणि हिवाळा काढतो तो मुख्यतः पाइनच्या सुया खाऊन (पचतात कशा कोण जाणे). जंगलं तुटली, शिकार झाली, अठराव्या शतकाच्या शेवटी ब्रिटनमधून संपलाच होता. मग 1837 मधे खालच्या टेमाउथ कॅसलच्या लॉर्ड ब्रेडलबेनकडे स्वीडनहून पक्षी आले आणि या रानात सोडले. शिकारीचे शौकीन लोक हे, पक्षीप्रेम वगैरे फार समजू नका, पण इथूनच तो स्कॉटलंडमधे परत पसरला. आता पुन्हा देशभरात पाचशेच्या आसपास उरलेत, बहुतेक केर्नगॉर्म्सच्या डोंगराळ भागात.

टेकडीवरच्या ब्लॅक रॉक या जागेला आलं की झाडं एकदम बाजूला होतात आणि लॉख समोर, जवळजवळ 23 किलोमीटर लांब, उजव्या अंगाला 1214 मीटरचा बेन लॉअर्स, ढग नसतील तर. पाण्यातली छोटी बेटं नीट बघा, त्यातली काही माणसानेच केलीत. क्रॅनॉग म्हणतात, अडीच हजार वर्षांपूर्वी लोक पाण्यात लाकडी खांब रोवून वर घरं बांधून राहायचे. तसं एक घर केनमोरजवळ म्युझियमवाल्यांनी हुबेहूब उभं केलं होतं, जून 2021 मधे आग लागून बघता बघता गेलं. 2024 मधे समोरच्या काठावर म्युझियम परत सुरू झालं, सुरुवात जमिनीवरच्या लोहयुगातल्या घरांपासून केली.