प्लॅनवरची पेन्सिलची फुली

(रंगभूमी दिनाच्या कार्यक्रमातील व्याख्यान, संपादित)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत माझा विषय 'डिजिटल तंत्रज्ञान आणि नाटकाचा प्रेक्षक' असा छापलाय. त्याकडे येतो, पण आधी मला तिकीट खिडकीबद्दल बोलायचंय.

माझी आई 81 वर्षांची आहे. डावा कान जवळजवळ गेलाय, गुडघे दुखतात. त्यामुळे तिची खुर्ची ठरलेली: चौथी रांग, प्रेक्षागृहाची डावी बाजू, अगदी कडेची. उजवा कान रंगमंचाकडे राहतो आणि पाय लांब करता येतो. पेपरात नाटकाची जाहिरात आली की बुकिंग उघडायच्या दिवशी ती सकाळीच खिडकीवर हजर. बुकिंगवाले काका प्लॅनचा कागद तिच्याकडे फिरवायचे, तिच्या खुर्चीवर पेन्सिलनं फुली मारायचे. एकदा तर म्हणाले, "काकू, या नाटकाला नका येऊ. सगळे हळू बोलतात, तुम्हाला ऐकू जायचं नाही." विकलं जाणारं तिकीट त्यांनी स्वतःहून सोडलं! आणि रांगेत मागे उभ्या असलेल्या बाईंनी मग दुसरं नाटक सुचवलं. तुमच्यातल्या अनेकांना अशी रांग आठवत असेल. मला तर निम्मी नाटकं त्या रांगेनंच दाखवली.

गेल्या वर्षी ती अशीच गेली. पुढच्या सगळ्या रांगा आदल्या रात्रीच ऑनलाइन गेलेल्या. खिडकीवरच्या मुलानं सांगितलं, "आजी, पुढच्या वेळी फोनवरून काढा." फोन आहे तिच्याकडे. पण पैसे भरायचे तर ओटीपी माझ्या नंबरवर येतो, आणि मी त्या दिवशी नागपूरला. ती रिक्षा करून घरी आली. मला चार दिवस काही बोलली नाही. मग म्हणाली, "आता नाटकं पुरे झाली." पन्नास वर्षं तिकीट काढून नाटक बघणारी बाई. मला हे अजून सहन होत नाही.

फोनला मी शत्रू मानत नाही, हेही सांगतो. पूर्वी चिपळूणच्या माणसाला पुण्यातलं नाटक बघायचं तर इथल्या नातेवाइकाला रांगेत उभं करावं लागे. आता तो घरून खुर्ची निवडतो आणि खात्रीनं एसटीत बसतो. मार्च 2020 मध्ये नाट्यगृहं बंद पडली, तेव्हा कलाकारांनी आपापल्या घरून नाटकं केली. परदेशातल्या मराठी माणसांनी तिकीट काढून ती पाहिली. लंडनच्या नॅशनल थिएटरनं तर 2009 पासूनच आपले प्रयोग चित्रपटगृहांत दाखवायला सुरुवात केली, आणि मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात आपणही ते बघतो. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीबद्दल बोलायचं होतं, वडसा गाव आणि तिथली रात्रभर चालणारी नाटकं, पण संयोजकांची चिठ्ठी आलीय. पाच मिनिटं उरलीत.

तेव्हा भरभर सांगतो. पहिलं म्हणजे, प्रत्येक प्रयोगाच्या पुढच्या रांगांतल्या काही खुर्च्या, कडेच्या धरून, पहिले दोन दिवस फक्त खिडकीवर विकाव्यात. उरल्या तर खुशाल ऑनलाइन टाका. नाट्यगृह पालिकेचं असेल तर ही अट पालिकाच घालू शकते.

दुसरं चित्रीकरणाचं. चित्रीकरण झालं की प्रेक्षक घरी बसेल, ही निर्मात्यांची भीती मला समजते. मग चालू नाटकाचं नका देऊ. पण शेवटचा प्रयोग झाल्यावर ते नाटक कुणालाच बघता येऊ नये, हे बरोबर नाही. नीट तीन कॅमेरे लावा, नट, लेखक आणि पडद्यामागच्या माणसांना मानधन द्या, आणि तालुक्याच्या सभागृहात तिकीट लावून दाखवा.

तिसरं, संवाद रंगमंचाच्या कडेच्या पट्टीवर अक्षरांत दिसावेत. संहिता तयारच असते, संवादांबरोबर ती पुढे सरकवायला एक माणूस बसवावा लागेल. सगळ्या प्रयोगांना नको, महिन्यातून एका दुपारी करा. तो प्रयोग कुठला, हे जाहिरातीत छापा. त्या दुपारचं तिकीट काढायला आईला खिडकीवर मी घेऊन जाईन.