मुलाचा मोबाईल चोरून तपासल्याने व्यसन टळते का?

नमस्कार. व्यसनप्रतिबंधावरील मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला: मुलाच्या नकळत त्याचा मोबाईल तपासावा का? कुटुंबाला सोबत घेऊन चालणाऱ्या प्रतिबंधक कार्यक्रमांतील सर्वांत अवघड पायरी, म्हणजे मुलावर लक्ष कसे ठेवायचे, नेमकी इथेच असल्यामुळे आज मुख्यतः तिच्याविषयीच बोलणार आहे.

अशा कार्यक्रमांची प्राथमिक माहिती झटपट सांगतो. अमेरिकेत १९८०च्या दशकात कॅरोल कम्फर यांनी ‘स्ट्रेंग्थनिंग फॅमिलीज प्रोग्रॅम’ (कुटुंबे सक्षम करण्याचा कार्यक्रम) विकसित केला आणि पुढे आयोवा स्टेट विद्यापीठात १० ते १४ वर्षे वयोगटासाठी त्याची सुधारित आवृत्ती तयार झाली. तिच्या मुख्य भागात सात सत्रे असतात. प्रत्येक सत्रात पहिला तास पालक आणि मुले वेगवेगळ्या खोल्यांत बसतात, तर दुसरा तास एकत्र. “आमचा अजून लहान आहे, आत्ताच कशाला?” असे लिहिणाऱ्यांनी हा वयोगट कृपया पुन्हा ऐकावा.

आता मूळ मुद्दा. मूल कुठे आहे, कोणाबरोबर आहे हे ज्या पालकांना ठाऊक असते, त्यांची मुले व्यसनाकडे कमी वळतात, असे अनेक अभ्यासांत आढळले होते आणि त्यावरून “म्हणून पाळत ठेवा” असा घाईचा निष्कर्ष निघत असे. स्वीडनमधील होकान स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र असे दिसले की, पालकांना असलेली ही माहिती प्रामुख्याने मुलांनी आपणहून सांगितलेली असते. उलटतपासणीचा किंवा नियंत्रणाचा त्यातला वाटा त्यामानाने कमी असतो.

तेव्हा विचारायचेच नाही का? अवश्य विचारायचे, पण उघडपणे. “पार्टी कोणाकडे आहे, घरात मोठे माणूस असेल का, तुला न्यायला किती वाजता येऊ?” हे प्रश्न मुलाच्या समोर आणि जाण्याआधी विचारले की ती देखरेख झाली, तो झोपल्यावर त्याचे मेसेज वाचले की ती पाळत झाली आणि ती उघडकीस आल्यावर मूल सांगणेच बंद करते.

आता शिक्षेची बाजू. एका पालकगटात बसलो असताना एक वडील तक्रार करीत होते की मुलगा काहीच सांगत नाही. पुढे बोलण्याच्या ओघात कळले की, मित्राने सिगारेट ओढल्याचे त्याने स्वतःहून सांगितले, तेव्हा त्याचे खेळायला जाणेच बंद करण्यात आले होते. सांगितल्याबद्दलच शिक्षा मिळत असेल तर पुढच्या वेळी तो कशाला सांगेल? “आमच्या वेळी एका थोबाडीत काम होत असे” ही प्रतिक्रिया तर प्रत्येक व्हिडिओखाली येते. थोबाडीत मारल्याने फार तर लपवण्याचे कौशल्य वाढते. नियम ठरलेला असावा, तो मोडल्यावरचा परिणाम आधीच माहीत असावा आणि तो लहानसाच असावा.

“वाया चाललेल्या मुलांची वेगळी शिबिरे घ्या,” ही सूचनाही वारंवार येते. अशा मुलांना एकत्र आणल्यास ती परस्परांच्या गैरवर्तनाला दाद देतात आणि परिस्थिती बिघडू शकते, याकडे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टॉमस डिशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्येच लक्ष वेधले होते.

एकल पालकांनीही विचारले आहे. घरात दोन पालक असणे ही या कार्यक्रमांची अट नसते. मुलाला सांभाळणारे आजी-आजोबाही सत्रांना बसू शकतात. मात्र मूल आधीच नियमित सेवन करीत असेल, तर प्रतिबंधक सत्रांची वाट न पाहता त्याला उपचारांसाठी तज्ज्ञांकडे न्यावे.