झडप बदलल्यानंतर

(दृश्य: कुंभारी, सकाळ. घरांच्या रांगा, ओट्यावर बसलेल्या बायका.)

सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या गोदूताई परुळेकर वसाहतीत, विडी कामगारांच्या वस्तीत, सकाळची कामं उरकली की बायकांच्या मांडीवर सूप येतं. भिजवलेलं तेंदूपान कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायचं, दोऱ्यानं बांधायचं. मजुरी हजार विड्यांमागे. या अक्कांच्या डाव्या बोटाला चिंधी गुंडाळलेली आहे. कात्री लागली म्हणून नाही, लागू नये म्हणून. त्यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे आणि रक्त गोठू न देणारी गोळी त्या रोज घेतात. साधं कापलं तरी रक्त लवकर थांबत नाही.

“दिवसा कळत नाही. लाइट गेली, पंखा बंद पडला की टिकटिक ऐकू येते,” अक्का सांगतात.

दुखणं लहानपणचं. घसा धरला, ताप आला, मग आज गुडघा सुजला, उद्या घोटा. हा संधिवाताचा ताप, ऱ्हुमॅटिक फीवर, बहुतेक वेळा ५ ते १५ वर्षांच्या मुलांना गाठतो. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंशी लढताना शरीर आपल्याच हृदयावर उलटतं. सांधे बरे होतात, झडप मात्र खराब होत जाते. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप म्हणजे मायट्रल. तिच्या दोन पाकळ्या जाड होतात, एकमेकींना चिकटतात, वाट अरुंद होते आणि रक्त फुप्फुसांत तुंबतं. वेळीच ओळखलं, तर दर २१ दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन देऊन पुढचं नुकसान टाळता येतं. अक्कांच्या घरी तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं. गरोदरपणात त्यांना पहिल्यांदा दम लागला. शरीरात रक्त वाढलं आणि अडलेल्या झडपेला ते पेलेना. शेजारपाजारच्यांनी अशक्तपणा म्हणून सोडून दिलं.

(दृश्य: एक्स-रे. छातीत झडपेची गोल सावली.)

काही झडपा छाती न उघडता फुग्यानं रुंद करता येतात. अक्कांची त्यापलीकडे गेली होती. छातीचं हाड मधोमध कापून, रक्त मशीनवर फिरतं ठेवून, हृदय थांबवून नवी झडप शिवली गेली. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेनं घडवलेली चित्रा झडप डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली. परदेशी झडपेपेक्षा कितीतरी स्वस्त असलेली ही झडप आजवर लाखाहून अधिक रुग्णांना मिळाली आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते, म्हणून विडी वळणाऱ्या घरालाही ती परवडते.

ऑपरेशनच्या दिवशी सगळं घर दवाखान्यात असतं. दोन वर्षांनी “आयएनआर किती आला?” असं विचारणारं कुणी उरत नाही. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा रक्ततपासणीचा आकडा. आमच्या मनाला सगळ्यात जास्त हेच लागतं, कारण पेशंट किती जगेल आणि कसा जगेल, हे पुष्कळसं या आकड्यावर ठरतं. मायट्रलच्या जागी यांत्रिक झडप असेल तर आयएनआर साधारण २.५ ते ३.५ मध्ये हवा. खाली गेला, तर झडपेवर गुठळी धरते. झडप अडकते, किंवा गुठळी मेंदूत जाऊन अर्धांग होतं. फार वर गेला, तर हिरड्यांतून, नाकातून, कधी मेंदूतही रक्तस्राव होतो.

(दृश्य: चूल, अंबाडीची जुडी निवडणारे हात.)

आकडा हलायला फार लागत नाही. पालेभाजीतलं ‘के’ जीवनसत्त्व गोळीच्या विरुद्ध काम करतं. म्हणून अंबाडी, मेथी सोडायची नाही, पण एक आठवडा रोज आणि पुढे महिनाभर नाही, असंही करायचं नाही. दिवसभर वाकून पाठ धरली की मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणायची सवय इथं घरोघर आहे. या पेशंटला ती महागात पडते, रक्तस्राव वाढतो. दात काढायचा असो की दिवस राहिलेले असोत, आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं.

(दृश्य: रिक्षा, लॅबसमोरची रांग.)

तपासणी म्हणजे शहरात जायचं, रांगेत उभं राहायचं, अर्ध्या दिवसाच्या विड्या बुडवायच्या. बायका हा महिना टाळतात, मग पुढचाही. त्यांना निष्काळजी म्हणायला आमची जीभ रेटत नाही. बोट टोचून एक थेंब पट्टीवर ठेवला की काही मिनिटांत आयएनआर दाखवणारं हातात मावणारं यंत्र मिळतं. ते वसाहतीजवळच्या दवाखान्यात हवं, आणि संध्याकाळी, कारखान्यात विड्या देऊन बायका परतल्यावर. आकडा कळवला की गोळी अर्धी घ्यायची की पाऊण, हे डॉक्टर फोनवरही सांगू शकतात.