कोण लागतो तुमचा?

(दृश्य: पहाट. अहमदनगरचा भुईकोट किल्ला. खंदक, पूल, बंद दरवाजा.)

निवेदन:

नगरचा हा भुईकोट. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’चा ठराव झाला आणि काँग्रेस कार्यकारिणीचे नेते इथे आणून कोंडले गेले. नेहरू होते, सरदार पटेल होते, आपले शंकरराव देव होते. आणि काँग्रेसचे अध्यक्ष, मौलाना अबुल कलाम आझाद.

मौलाना पहाटे तीन-चारलाच उठायचे. स्वतःच्या हातानं चहा करायचे. चिनी चहा, बिनदुधाचा. आणि मग पत्र लिहायला बसायचे. पत्र एकाच माणसाला: अलीगढकडचे त्यांचे विद्वान स्नेही, नवाब सदर यार जंग यांना.

त्यातलं एकही पत्र कैदेत असेपर्यंत पोस्टात पडलं नाही.

(दृश्य: रिकामी खोली. खिडकीतून येणारा उजेड.)

आधी तर बाहेरच्या जगाशी संबंधच तोडला होता. पुढे परवानगी मिळाली, पण पत्र घरच्या माणसांना लिहायचं आणि विषयही घरगुतीच ठेवायचा. मित्र त्यात बसत नव्हता. कोण लागतो तो तुमचा?

त्याच वेळी पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये गांधीजी नजरकैदेत होते. त्यांनाही हीच अट घातली गेली. त्यांनी ही सवलतच नाकारली. सोबत काम करणाऱ्या माणसांना वगळून नुसत्या नातेवाइकांना लिहायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. मला हा नकार फार मोठा वाटतो. तुरुंगात पत्र म्हणजे श्वास असतो, आणि तो त्यांनी सोडून दिला.

मौलानांनी दुसरी वाट धरली. पाठवता येत नाही, तर नाही. तरी लिहायचं. खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्यांवर लिहिलं, चहावर लिहिलं, थंडीवर लिहिलं. समोर ऐकणारा आहे असं धरून माणूस बोलत राहिला.

(दृश्य: टेबल. त्यावर घडी न मोडलेलं वर्तमानपत्र. अंगणातून चालत येणाऱ्या पावलांचा आवाज.)

१९४३ च्या वसंतात कलकत्त्याला त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम अत्यवस्थ झाल्या. सरकारकडे सुटकेसाठी अर्ज करायला मौलाना तयार नव्हते. दुपारी जेलर वर्तमानपत्र घेऊन यायचा. त्याची पावलं ऐकू आली की मौलानांची छाती धडधडायची. पण ते दाराकडे पाठ करून बसायचे, पेपर टेबलावर ठेव अशी नुसती खूण करायचे आणि लिहीत असल्यासारखं दाखवायचे. हे सगळं सोंग होतं, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. सोबतच्या एवढ्या मोठमोठ्या नेत्यांपुढे जे कबूल करता आलं नाही, ते त्या न पाठवलेल्या पत्रात केलं.

९ एप्रिलला तार आली. बेगम गेल्या होत्या. मौलाना ३ ऑगस्टला कलकत्त्याहून निघाले, तेव्हा त्या दारापर्यंत आल्या होत्या. ‘खुदा हाफिज’, एवढंच म्हणाल्या होत्या.

किल्ल्याच्या आवारात एक जुनी कबर होती. कुणाची, ते माहीत नाही. तोवर शेकडो वेळा पाहिलेली ती कबर त्या दिवसांत मौलानांना ओळखीची वाटायला लागली.

(दृश्य: मंडाले तुरुंगाचं जुनं छायाचित्र.)

याच्या एकतीस वर्षं आधी, मंडालेच्या तुरुंगात, लोकमान्यांनाही अशीच तार मिळाली होती. जून १९१२. पुण्यात त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई गेल्या. टिळक सहा वर्षांची शिक्षा भोगत होते. पण त्यांचं पत्र जाऊ शकत होतं. त्यांचे भाचे धोंडोपंत विद्वांस पुण्यात होते. टिळकांनी पत्रात त्यांच्यापाशी मन मोकळं केलं: संकटं शांतपणे झेलायची सवय आहे, पण या बातमीनं हादरलो. अखेरच्या वेळी जवळ नव्हतो, याचं दुःख सर्वांत जास्त आहे. आणि लगेच मुलांची चौकशी. मुलांना सांगा, मी त्यांच्याहून लहान होतो तेव्हाच पोरका झालो होतो.

शेकडो मैलांवर, परक्या मुलखात कोंडलेला बाप त्या पत्रातून आपल्या मुलांच्या पाठीवर हात ठेवत होता. धोंडोपंतांचं मोल मला इथे दिसतं. पलीकडे पत्र घेणारं, उत्तर देणारं कुणीतरी होतं.

(दृश्य: आजच्या एका कारागृहाबाहेर कैद्यांच्या भेटीसाठी लागलेली रांग. चेहरे दिसणार नाहीत.)

आता आजचं बघू. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून जास्त माणसं होती. त्यातली ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही. ही माणसं टिळक नाहीत, आझाद नाहीत. कुणाच्या घरच्यांना गाडीभाडं परवडत नाही, कुणाला घरच्यांनी टाकलंय. काहींच्या हातून खरोखर वाईट घडलंय, आणि ते लपवायचं काही कारण नाही.

अशांना पत्र कोण लिहिणार? नियम आता तेवढे कडक राहिलेले नाहीत. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत नातेवाइकांच्या जोडीला मित्रही आहेत. मित्र मात्र कुणीतरी व्हावं लागतं.

(दृश्य: पोस्टकार्डावर लिहिणारा हात.)

पोस्टकार्ड पन्नास पैशांना मिळतं. पत्त्यावर कैद्याचं पूर्ण नाव घाला, वडिलांच्या नावासकट. एका नावाची अनेक माणसं आत असतात. पत्र आधी अधिकारी वाचतील, हे धरून चाला. केसबद्दल लिहू नका. सोडवून आणण्याची, पैशाची वचनं देऊ नका. उपदेश तर नकोच, तो आत भरपूर मिळतो.

मग लिहायचं काय? आंब्याला मोहोर आलाय, ते लिहा. पाऊस लांबलाय, नळाला दिवसाआड पाणी येतंय, शेजारची मुलगी दहावीला बसलीय, हे लिहा. आणि त्यालाही काहीतरी विचारा, म्हणजे उत्तर द्यायला निमित्त मिळेल. मौलाना चिमण्यांवर पानंच्या पानं लिहीत होते. त्याच्या बराकीतही चिमण्या येत असतील.

उत्तर उशिरा येईल. कदाचित अक्षर दुसऱ्याचं असेल, कारण लिहिता येत नाही म्हणून त्यानं सोबतच्या कैद्याला मजकूर सांगितला असेल. तरी परत लिहा. एक पत्र लिहून गप्प बसणं सगळ्यांत वाईट. मग तो रोज टपालाची वाट बघत बसतो.

(दृश्य: लोखंडी दार. आतून नाव पुकारल्याचा आवाज. पडदा काळा होतो, आवाज राहतो.)

बराकीत नाव पुकारलं की आधी छातीत धस्स होतं. तारीख आली असेल, नाहीतर दुसऱ्या तुरुंगात हलवत असतील.

शिपाई म्हणतो, टपाल आहे.