‘असेल बुवा’ म्हणण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

1894 साली केंब्रिजमध्ये शिकणारा एक तरुण तंबाखूचा डबा विकत घेऊन परत येत होता. चालता चालता त्यानं तो डबा एकदम हवेत उडवला, आणि डबा झेलता झेलता त्याच्या तोंडून निघालं, अरे, हा युक्तिवाद तर बरोबर आहे! हा तरुण म्हणजे बर्ट्रांड रसेल. पुढे ईश्वर न मानणाऱ्यांत ज्याचं नाव हमखास घेतलं जाऊ लागलं, तोच.

त्याला अशी भुरळ घालणारा, ईश्वर आहे हे सिद्ध करू पाहणारा हा युक्तिवाद मांडला होता अन्सेल्म या मठवासी विचारवंतानं, 1077-78च्या सुमारास, नॉर्मंडीतल्या बेकच्या मठात. तो म्हणतो, ईश्वर म्हणजे असं काही, की ज्याहून थोर कशाची कल्पनाच करता येत नाही. नास्तिकालाही हे शब्द कळतात. म्हणजे निदान त्याच्या मनात तरी ही गोष्ट आहे. आता ती फक्त मनातच आहे असं धरा. मग प्रत्यक्षातही असणारी गोष्ट तिच्याहून थोर ठरेल. पण तिच्याहून थोर काही नाही, हे तर आधीच ठरलंय! म्हणून ती प्रत्यक्षात असलीच पाहिजे.

ऐकताना हातचलाखी वाटते ना? मलाही वाटली. पण हात नेमका कुठे फिरला ते दाखवा म्हटलं, की पंचाईत होते.

पहिली हरकत आली ती गाउनिलो नावाच्या दुसऱ्या मठवाशाकडून, म्हणजे आस्तिकाकडूनच. तो म्हणाला, याच रीतीनं मी सर्वांत उत्तम असं एक बेटही सिद्ध करून दाखवतो. अन्सेल्मचा मोठेपणा असा, की ही हरकत आणि तिला दिलेलं आपलं उत्तर ग्रंथाच्या प्रतींना जोडावं, असं त्यानं सांगून ठेवलं. बेटाची थट्टा मात्र मला पुरेशी वाटत नाही. बेटावर आणखी एक झरा, आणखी एक झाड कधीही वाढवता येतं. ‘याहून उत्तम बेट नाही’ ही रेघ तिथे ओढताच येत नाही. ईश्वराच्या ज्ञानाचं तसं नाही. सगळं कळल्यावर कळायचं काय उरणार?

जर्मन तत्त्वज्ञ कांटचा घाव जास्त खोल आहे. 1781च्या आपल्या ग्रंथात तो म्हणतो, खरे 100 थालर, म्हणजे तेव्हाची जर्मन नाणी, आणि कल्पनेतले 100 थालर यांत एका नाण्याचाही फरक नसतो. खिसा भरलेला की रिकामा, हा प्रश्न वेगळा. ‘आहे’ म्हटल्यानं कल्पनेत कुठल्या गुणाची भर पडत नाही, मग त्यानं ती थोर कशी होणार?

इथे वाद मिटला असता. पण अन्सेल्मनं आणखी एक गोष्ट म्हटली होती, की ज्याच्या नसण्याची कल्पनाही करता येत नाही, ते अधिक थोर. हा धागा 1974मध्ये अमेरिकी तत्त्वज्ञ अल्विन प्लांटिंगा यांनी तर्कशास्त्राच्या नव्या भाषेत पुढे नेला. परमथोर असणं म्हणजे कुठल्याही शक्य परिस्थितीत असणंच. मग तसं काही असणं नुसतं शक्य आहे, म्हणजे एखाद्या शक्य परिस्थितीत ते आहे, एवढं मान्य केलं, की ते सगळ्याच परिस्थितींत, म्हणजे प्रत्यक्षातही, आहेच.

माझ्या मते खरी गोम या ‘शक्य’मध्ये आहे. कुणी विचारलं, ‘असू शकेल ना?’, तर आपण सौजन्यानं म्हणून जातो, ‘असेल बुवा’. या ‘असेल बुवा’चा अर्थ मात्र एवढाच, की मला ठाऊक नाही. गणितातलं उदाहरण घ्या. 2पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, हा गोल्डबाखचा 1742चा अंदाज. तो आजवर सिद्धही झालेला नाही आणि खोटाही ठरलेला नाही. खरा असेल? असेल बुवा. पण तो खोटा असेल, तर तो खरा असणं कधी शक्यच नव्हतं. आपल्या ‘असेल बुवा’नं गणितात काडीचाही फरक पडत नाही.

ईश्वराबाबतही तेच. कुणी म्हणालं, ‘नसेल बुवा’, तर तेवढ्याच सौजन्यानं तेही मान्य करावं लागेल. आणि परमथोर असं काही नसणं एकदा शक्य मानलं, की त्याच तर्कानं त्याचं असणं अशक्य ठरतं! एकच यंत्र, दोन्ही दिशांनी चालणारं. खुद्द प्लांटिंगाही याला बिनतोड सिद्धता म्हणत नाहीत. ‘शक्य आहे’ हे गृहीत धरणं अविवेकी नाही, एवढाच त्यांचा दावा आहे.

नमस्कार.