वाचवणाऱ्यांसोबत आलेली बुरशी

[दृश्य: चुनखडीचे उभे कडे. खाली अरुंद घळ. दोराला लटकून उतरणारी दोन माणसं.]

भूमध्य समुद्रातलं मायोर्का बेट. उन्हाळ्यात इथले किनारे पर्यटकांनी ओसंडून वाहतात. आपण मात्र समुद्राकडे पाठ करून चाललोय, बेटाच्या वायव्येला, सेरा दे त्रामुंताना नावाच्या डोंगररांगेत. पावसाच्या पाण्यानं इथली चुनखडी कापून खोल घळी केल्यात. काही घळींत दोराशिवाय उतरता येत नाही. तळाशी पोहोचलं की खडकात रांजणखळगे दिसतात. भर उन्हाळ्यातही त्यांतल्या काहींत पाणी असतं, गार आणि सावलीतलं.

या पाण्यात एक प्राणी राहतो. स्थानिक लोक त्याला फेरेरेट म्हणतात. भेकांच्या जातीचा, जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा. दिवसा खडकाच्या फटीत दडून बसतो आणि अंधार पडला की ओरडतो.

[ध्वनी: फेरेरेटचा आवाज. काही क्षण निवेदन नाही.]

लहानशा हातोडीनं कुणी ऐरणीवर टक् टक् करावं, तसा हा आवाज.

फेरेरेटची विज्ञानाशी पहिली ओळख झाली ती हाडांवरून. 1970च्या दशकात मायोर्कातल्या गुहांमध्ये त्याचे जीवाश्म सापडले. अभ्यासकांनी त्याला नाव दिलं आणि नामशेष प्राण्यांत त्याची गणना केली. त्यानंतर थोड्याच काळात, 1980च्या सुमारास, याच डोंगरातल्या घळींमध्ये त्याचे बेडूकमासे पोहताना आढळले. मेला म्हणून नोंदवलेला प्राणी जिवंत निघाला!

तो घळींत का अडकला, याचं उत्तर माणसाजवळच आहे. प्राचीन काळी माणसांसोबत बेटावर एक पाणसाप आला, हिरवे बेडूकही आले. सापानं फेरेरेटना खाल्लं, बेडकांनी पाणवठे बळकावले. सापाला जिथे सहज पोहोचता येत नव्हतं, तेवढ्या कड्याकपारींत फेरेरेट तगले.

यांच्यात पिल्लांची जबाबदारी बापाकडे असते. मादी अंडी घालून मोकळी होते. अंड्यांची माळ नर आपल्या मागच्या पायांना गुंडाळून घेतो आणि दिवसचे दिवस अंगावर वागवतो. पिल्लं बाहेर पडायच्या बेतात आली की पाण्यात उतरून त्यांना सोडतो. बेडूकमासे या पाण्यात बराच काळ काढतात, काही तर आख्खा हिवाळा. ही सवय लक्षात ठेवा. पुढे तिचा संबंध येणार आहे.

1980च्या दशकात फेरेरेटला वाचवण्याचं काम सुरू झालं. काही जीव बेटाबाहेर नेऊन प्राणिसंग्रहालयांत त्यांची पैदास केली गेली. इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावरचं प्राणिसंग्रहालय यात पुढे होतं. 1989पासून तिथे वाढलेले फेरेरेट पुन्हा मायोर्काच्या डोंगरात सोडायला सुरुवात झाली. ते रुळले. त्यांनी अंडी घातली. 2004मध्ये धोक्यात आलेल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत फेरेरेटचा दर्जा ‘अतिशय चिंताजनक’वरून ‘असुरक्षित’वर आणला गेला. या यादीत बहुतेक उभयचरांचा प्रवास उलट्या दिशेनं होतो, त्यामुळे ही बातमी खरोखरच आनंदाची होती.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाची त्वचा. तीत गोल पिशव्या.]

ही कायट्रिड बुरशी. तिचं शास्त्रीय वर्णन 1999मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच्या आदल्याच वर्षी ऑस्ट्रेलिया आणि पनामाच्या जंगलांतल्या मेलेल्या बेडकांच्या त्वचेत ती आढळली होती. बेडूक का संपताहेत, या कोड्याचं उत्तर त्या शोधानं हाती लागलं.

हिचे बीजाणू शेपटीच्या झटक्यांनी पाण्यात पोहतात. बेडकाच्या कातडीत शिरतात, तिथे वाढतात, आणि पिशवी फुटली की नवे बीजाणू पुन्हा पाण्यात येतात. आता, बेडकाची कातडी म्हणजे नुसतं पांघरूण नसतं. तो पाणी तिच्यातूनच घेतो, श्वासही बराचसा तिच्यातून घेतो, क्षारांचा तोलही तिच्यामार्फत राखतो. कातडी बिघडली की रक्तातलं सोडियम आणि पोटॅशियम घसरतं आणि शेवटी हृदय थांबतं. बुरशी कातडीवर आणि मृत्यू हृदयानं, हा संबंध 2009मध्ये प्रयोगातून स्पष्ट झाला.

बेडूकमासे मात्र सहसा मरत नाहीत. बुरशीला केराटिन हवं असतं आणि बेडूकमाशाच्या अंगात ते फक्त तोंडाच्या चोचीवजा भागात असतं. म्हणून तो महिनोन्‌महिने बुरशी वागवत पोहत राहतो. पाय फुटून तो जमिनीवर आला, सगळ्या कातडीत केराटिन तयार झालं, की बुरशीला मोकळं रान. युरोपात हे पहिल्यांदा दिसलं 1997मध्ये, माद्रिदजवळच्या पेन्यालारा पर्वतात. तिथल्या तळ्यांच्या काठावर, नुकत्याच पाण्याबाहेर आलेल्या मिडवाइफ टोडच्या पिल्लांचे खच पडले होते. हे मिडवाइफ टोड म्हणजे फेरेरेटचे जवळचे नातलग. तिथे काम करणाऱ्या संशोधकांपैकी एक होते हाइमे बॉश. पुढे मायोर्काच्या घळींत उतरणाऱ्या चमूचंही नेतृत्व त्यांनी केलं.

कारण आता बुरशी मायोर्कातही सापडली होती. प्रश्न होता, ती आली कुठून? या दुर्गम घळींत ना बाजार, ना वस्ती.

2008मध्ये उत्तर प्रसिद्ध झालं. बुरशीचे जनुकीय धागे दक्षिण आफ्रिकेकडे जात होते. जर्सीच्या संग्रहालयात फेरेरेटच्या सोबत दक्षिण आफ्रिकेतले नखाळ बेडूक ठेवले होते, तेही दुर्मिळ म्हणून जपलेले. या जातीचे बेडूक बुरशी अंगावर वागवतात, स्वतः आजारी पडतीलच असं नाही. तिथे लागण झालेले फेरेरेट प्रेमानं वाढवले गेले आणि प्रेमानंच मायोर्कात सोडले गेले. त्या वेळी ही बुरशी कुणाला माहीतच नव्हती, त्यामुळे दोष द्यायचा तरी कुणाला? पण घडलं ते असं.

[दृश्य: जगाचा नकाशा. कोरिया, पनामा, ऑस्ट्रेलिया, पश्चिम घाट.]

बुरशीचं मूळ आणखी मागे जातं. 2018च्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासानं ते कोरियन द्वीपकल्पाच्या आसपास दाखवलं. विसाव्या शतकात बेडकांचा व्यापार वाढला. खाण्यासाठी, पाळण्यासाठी, प्रयोगशाळांसाठी. एके काळी तर गर्भारपणाची चाचणीसुद्धा नखाळ बेडकांवर व्हायची. बाईची लघवी मादीला टोचायची, तिनं अंडी घातली की बातमी पक्की. त्यासाठी हे बेडूक आफ्रिकेतून जहाजं भरभरून गेले. बेडकांच्या या सगळ्या ये-जा करण्यातून बुरशी जगभर पसरली. 2019पर्यंतचा हिशेब सांगतो की तिच्यामुळे उभयचरांच्या 501 जातींची संख्या घटली आणि त्यांतल्या 90 बहुधा नामशेष झाल्या.

आपल्या पश्चिम घाटातल्या बेडकांवर ती 2011मध्ये पहिल्यांदा नोंदवली गेली. नंतर पुण्याच्या संशोधकांचा सहभाग असलेल्या अभ्यासांत ती घाटात दूरवर पसरलेली दिसली. पण हा वाण आशियाई. पनामासारखा संहार इथे नोंदला गेलेला नाही. धास्ती वाटते ती बाहेरचा, जास्त मारक वाण येण्याची. त्याला विमानाच्या सामानातली एखादी ‘एक्झॉटिक पेट’ची डबी पुरेल. पावसाळ्यात आंबोलीला रात्री टॉर्च घेऊन बेडूक बघायला जाणारे आता काही कमी नाहीत. चिखलाचे बूट न धुता, न वाळवता एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात जाणारेही त्यांत असतात.

परत मायोर्काला येऊ.

[दृश्य: बादल्या, जाळ्या. घळीतून वर येणारी माणसं.]

पहिला प्रयत्न सरळ होता. बेडूकमासे पकडायचे, बाहेर काढायचे, औषध द्यायचं. औषध इट्राकोनॅझोल, नायट्यासाठी आपल्याकडे त्वचारोगतज्ज्ञ देतात तेच. बेडूकमाशांना रोज थोडा वेळ त्या द्रावणात ठेवायचं, असं आठवडाभर. तोवर तिकडे कुंड उपसून कोरडं पाडायचं, कारण या बुरशीला सुकणं सोसत नाही. पावसानं कुंड भरलं की बरे झालेले बेडूकमासे परत सोडायचे. सगळं ठरल्याप्रमाणे झालं. आणि पुढच्या खेपेला तपासलं तर बेडूकमासे पुन्हा बाधित.

बुरशी नेमकी कुठे टिकली? ओल्या फटींत, की तिथे दडलेल्या प्रौढ फेरेरेटांच्या अंगावर? प्रौढ पकडणं जवळपास अशक्य. ते कपारीत इतके आत बसतात की हात पोहोचत नाही.

मग चमूनं दुसरं पाऊल उचललं, आणि माझ्या मते या कथेतला सगळ्यात अवघड निर्णय तोच. बेडूकमासे बाहेर असताना त्यांनी रिकामी कुंडं, भोवतालचे खडक आणि फटी व्हिरकॉन-एसनं धुऊन काढल्या. आपल्याकडच्या पोल्ट्रीवाल्यांना हे जंतुनाशक ठाऊक असेल. ते बुरशी मारतं. पण फक्त बुरशीच मारत नाही. त्या कुंडातले किडे, शेवाळ, नजरेला न दिसणारे जीव, सगळ्यांवर ते फिरलं. संरक्षित डोंगरात, जाणूनबुजून, कोंबड्यांच्या शेडमध्ये मारायचं रसायन फवारायचं! वाचताना अंगावर काटा येतो. तरी मला वाटतं, मीही तेच केलं असतं.

उपाय लागू पडला. पुढे दोन वर्षं तपासणी झाली आणि बुरशी परतली नव्हती. 2015मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. रानात राहणाऱ्या उभयचरांमधून कायट्रिड घालवल्याचं ते पहिलं उदाहरण.

ते साधलं कारण जागा तशी होती. मोजकी कुंडं, उघडा खडक, माती नावापुरती, आणि उभयचर एकच, ज्याची पिल्लं पाण्यात इतकी रेंगाळतात की सगळी वेचून घेता येतात. पनामात एल कोपेच्या जंगलात 2004मध्ये बुरशी पोहोचली तेव्हा तिथे उभयचरांच्या साठाहून जास्त जाती होत्या. पानांत, शेवाळात, झाडांवर, ओढ्यांत. ते जंगल कुणी कसं धुणार?

म्हणून पनामात अजूनही जुनाच मार्ग आहे, पैदाशीचा. गांबोआ इथे जुन्या मालवाहू कंटेनरांत खोल्या केल्यात. पनामाचा राष्ट्रीय मानबिंदू असलेला सोनेरी बेडूकही बंदिस्त पैदाशीतूनच टिकला आहे. रानात तो कित्येक वर्षांत दिसलेला नाही. गांबोआत बाहेरून आणलेल्या बेडकाला आधी एकटं ठेवतात, त्याचा स्वॅब घेतात आणि लागण असेल तर औषध देतात. इतर बेडकांजवळ तो जातो तो त्यानंतरच.