मेडनची लांब गाणी

1 फेब्रुवारी 2008. वांद्रे-कुर्ला संकुलाचं मैदान, काळ्या टी-शर्टांची गर्दी आणि समोर आयर्न मेडन, ब्रिटिश हेवी मेटल बँड. जगदौऱ्याचा पहिलाच शो मुंबईत. गाणी मात्र जवळजवळ सगळी ऐंशीच्या दशकातली.

त्याआधी वर्षभर, मार्च 2007 मध्ये, हाच बँड बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजला होता. तेव्हा 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' हा 2006 चा नवा अल्बम सोबत होता आणि त्यातली गाणीही झाली. कुठला शो भारी, हा वाद तेव्हापासून चालूच आहे. खरा वाद अर्थात शोचा नाहीच, जुनं मेडन भारी की नवं, याचा आहे.

1999 मध्ये गायक ब्रूस डिकिन्सन आणि गिटारिस्ट एड्रियन स्मिथ बँडमध्ये परत आले. 2000 च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'पासून 2021 च्या 'सेनजुत्सू'पर्यंत सहा अल्बम झाले. जुने चाहते म्हणतात, गाणी उगाच ताणलीत, एकच ओळ किती वेळा घोळवायची? 'सेनजुत्सू'ची शेवटची तिन्ही गाणी बेसिस्ट स्टीव्ह हॅरिसची, आणि तिन्ही दहा मिनिटांच्या वर.

लांबीची तक्रार मला पटत नाही. 1984 च्या 'पॉवरस्लेव्ह'चं शेवटचं गाणं पावणेचौदा मिनिटांचं आहे. मध्येच सगळं थांबतं, खाली बेस घुमतो, जहाजाचं लाकूड करकरतं. ते आपण देव्हाऱ्यात ठेवलं, मुंबईतही ते वाजलं. मग आताच घड्याळ कशाला?

साउंडबद्दल मात्र जुन्यांचं म्हणणं खरं आहे. तीन गिटार असूनही त्या एकमेकींत मिसळून जातात, धार बोथट होते. 2006 चा अल्बम तर हॅरिसने मास्टरिंग, म्हणजे आवाजावरचा शेवटचा हात, न फिरवताच बाहेर काढला. मला त्याचा राकटपणा आवडतो. पण हेडफोन लावल्यावर मन थोडं खट्टू होतंच.

आणि तरी 'द बुक ऑफ सोल्स' ऐका. 2015 चा अल्बम, शेवटचं गाणं 18 मिनिटांचं, ब्रूसने पियानोवर बसून लिहिलेलं. विषय आर-101 हे ब्रिटिश एअरशिप, म्हणजे वायूने भरलेलं अजस्र हवाई जहाज. ऑक्टोबर 1930 मध्ये ते फ्रान्समध्ये कोसळलं, 48 माणसं गेली. सुरुवातीला नुसता पियानो. मग बँड चढत जातो, वादळ होतो, आणि शेवटी पुन्हा तोच पियानो, त्यावर एकटा ब्रूस. हे रेकॉर्डिंग संपल्यानंतर निदान झालं: त्याच्या जिभेच्या मुळाशी कर्करोगाची गाठ होती. ती गाठ घेऊनच तो हे गायला होता. वरचे सूर गाठताना आवाज ताणला जातो, तिथे दरवेळी माझ्या पोटात कालवतं. असं गाणं पंचविशीतल्या मेडनकडून झालं नसतं.

2023-24 च्या दौऱ्यात एन्कोरला, म्हणजे शो संपल्यावरच्या जादा गाण्यांत, 'हेल ऑन अर्थ' असायचं, 'सेनजुत्सू'चं शेवटचं गाणं. हळुवार गिटार, मग घोडदौड, स्टेजभर ज्वाळा. त्यामागोमाग 1983 चं 'द ट्रूपर'. दोन्हींमध्ये 38 वर्षांचं अंतर, आणि सांधा कुठे दिसायचा नाही.

2025 मध्ये बँडच्या पन्नाशीचा दौरा निघाला. यादीत फक्त पहिले नऊ अल्बम, 1980 ते 1992. बँडनेच नवी गाणी घरी ठेवली, हे आम्हा नव्या गाण्यांच्या चाहत्यांना लागलं. 'हेल ऑन अर्थ' त्या दौऱ्यात एकदाही वाजलं नाही.